पट्टीनं मारलेली तांबडी रेघ

३ मे

गंगाधरभाऊंना रशीदाचा सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझा फोन सध्या माझा राहिलेला नाही, पार्टीची माणसं तपासतात, म्हणून कागद घेऊन बसले. डिसेंबरात मी नगरपरिषदेवर निवडून आले, हे तुम्हाला वाईला कुणीतरी सांगितलं असेलच. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, बागवान गल्लीतली दुसरी कुणी उभी राहीना, मी राहिले. तुम्ही आमच्या माडीवर सात वर्षं भाड्यानं होतात तेव्हा परक्या माणसाला पाणी द्यायलाही मी बाहेर येत नसे. आता भर सभेत बोलते. लोक म्हणतात, लियाकतची बायको तिखट निघाली. निघाले नाही भाऊ, झाले.

इतकी वर्षं रखडलेली विधान परिषदेची निवडणूक लागली आहे. आपल्या सातारा-सांगलीची मिळून एक जागा, आणि मतदार आम्हीच, दोन्ही जिल्ह्यांतले नगरसेवक आणि झेडपीचे मेंबर. जयराजसाहेब पुन्हा उभे आहेत. मागच्या खेपेला ते पडले आणि खापर आमच्या ह्यांच्या, तेव्हाच्या नगरसेवकाच्या, डोक्यावर फुटलं, ते तुम्ही विसरला नसाल. लियाकत फुटला म्हणून निकालाच्या दिवशी चौकात चपलांचा हार घातला, दुकानाच्या शटरवर डांबरानं 'गद्दार' लिहिलं. वर्षभरात फळांचं दुकान बसलं. दुसऱ्या वर्षी हे गेले. त्याला आता आठ वर्षं होतील.

परवा साहेब स्वतः घरी आले. त्याच शटरसमोर चपला काढल्या. म्हणाले, "झालं गेलं इसरा वयनी. लियाकत चुकला, पन तुमी आमच्याच हाय." मी चहा दिला. रागाच्या भरात साखर जास्त पडली, तर म्हणतात कसे, लय गोड झालाय.

मला एवढंच विचारायचं आहे. मत गुप्त असतं म्हणतात. मग ह्यांचं मत कुठं गेलं ते साहेबांना कळलं कसं? तुम्ही महसूल खात्यात जन्म काढलात, कितीतरी निवडणुका पार पाडल्यात. मला नीट समजावून सांगा. मला बदला घ्यायचा आहे, आणि हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटत नाही.

पत्राला अजून पट्टी लावून तांबडा समास आखता का? हे तुमची चेष्टा करायचे, की भाऊ दूधवाल्याच्या चिठ्ठीलाही समास सोडतात.

रशीदा


वाई, ९ मे

सौजन्यशील रशीदावहिनींना सप्रेम नमस्कार.

समास आखला आहे, पाहा. बहात्तरी गाठली तरी सवय जात नाही. तुमच्या विजयाबद्दल अभिनंदन. लियाकत असता तर त्यानं सगळ्या गल्लीला चिकू वाटले असते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. या निवडणुकीत आपण शिक्का मारत नाही. मतपत्रिकेवरच्या नावांपुढं पसंतीचे आकडे घालतो, एक, दोन, तीन. तेही तिथं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच. निकाल बहुधा पहिल्या एक-दोन पसंतींवरच लागतो. पुढचे आकडे कुणी पाहत नाही, असं साध्या माणसाला वाटतं. धूर्त माणूस नेमके तेच पाहतो.

समजा, पाच उमेदवार आहेत. पहिली पसंती साहेबांना, हे सगळ्यांना सारखंच. उरलेल्या चौघांचे आकडे मात्र प्रत्येक मतदारानं वेगळ्या क्रमानं घालायचे. चार नावांचे चोवीस क्रम होतात. आकडे मराठीत घाला, इंग्रजीत घाला किंवा रोमन घाला, तिन्ही चालतात. म्हणजे चोवीस त्रिक बहात्तर. बहात्तर माणसांना बहात्तर निरनिराळ्या चिठ्ठ्या देता येतात. मोजणीच्या टेबलाशी साहेबांचा प्रतिनिधी यादी घेऊन बसतो. मतपत्रिका उलगडली की यादीत खूण. ज्याची चिठ्ठी शेवटपर्यंत दिसली नाही, तो फुटला. मागच्या वेळी फक्त कच्च्या वाटणाऱ्या माणसांनाच अशा चिठ्ठ्या होत्या, भरवशाच्या लोकांना नव्हत्या, असं माझ्या कानावर आहे.

योगायोग असा की मी सध्या याच विषयावर निवेदन लिहितो आहे. विधान परिषदेच्या निवडणुकीत सुधारणा सुचवा, असं एका समितीनं आवाहन केलं आहे. माझं म्हणणं असं की आकडे एकाच लिपीत असावेत, पसंती तीनच्या पुढं नसावी, सगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकत्र कालवाव्यात आणि प्रतिनिधींना पुढचे आकडे दाखवूच नयेत. काही लोक म्हणतात, राज्यसभेसारखं करा. तिथं आमदारानं आपली मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवायची असते. माझा त्याला विरोध आहे. चोरून घातलेली बेडी उघड घातली म्हणजे ती दागिना होत नाही.

बदल्याचं मनातून काढा. शांतपणे मत द्या आणि घरी या.

आपला,
गंगाधर


१५ मे

गंगाधरभाऊंना सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकच कळलं. ह्यांची चिठ्ठी सापडली नाही, म्हणजे हे खरंच फुटले होते, असा त्याचा अर्थ झाला.

आज तुम्हाला एक सांगते, जे नूरीनलाही सांगितलं नाही. मी पण त्यांना विचारलं होतं. एकदा नाही, दोन वर्षं. जेवायला बसले की विचारायची, खरं सांगा, घेतले का पैसे? ते घास खाली ठेवायचे. कुराणावर हात ठेवून म्हणाले, मी साहेबांनाच मत दिलं. मी म्हटलं, मग सारी दुनिया खोटी बोलते का? शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ते मी अजून काही विचारते का, हे बघायला. एवढं घेऊन मी आठ वर्षं जगते आहे.

दुसऱ्यांदा वाचलं आणि उठून ह्यांचा खडूचा डबा काढला. दुकानाच्या पाटीवर रोज सकाळी भाव लिहायचे तो. जे जपून ठेवायचं ते त्या डब्यात टाकायची त्यांना सवय होती. तळाला चिठ्ठी निघाली. पट्टी लावून सरळ फाडलेला कागद, त्यावर पाच नावं, आणि नावांपुढं नुसते उभे खांब आणि पाचरी. नूरीनला दाखवली. ती म्हणाली, "अम्मी, हे रोमन आकडे आहेत."

भाऊ, तुम्ही त्या माणसाला ओळखत होता. चौथी शिकलेला माणूस. फोन नंबरसुद्धा मराठी आकड्यांत लिहून ठेवायचा. इंग्रजी आकडा काढायचा नाही, रोमन तर बाजूलाच राहिला. त्यांनी कुणाला तरी विचारून क्रम पाठ केला असणार, इमानदारीनं पाठ केला असणार, आणि आत जाऊन आपल्या आकड्यांत लिहून आले. तिकडं साहेबांचा माणूस खांब आणि पाचरी शोधत बसला. सापडल्या नाहीत म्हणून चपलांचा हार.

तुम्ही म्हणता, मत उघड नको. मी म्हणते, त्या दिवशी मत उघड असतं तर ह्यांनी मतपत्रिका साहेबांच्या नाकासमोर धरली असती आणि छाती पुढं काढून घरी आले असते. तुमच्या निवेदनात हेही घाला. बेडी काय आणि दागिना काय, ते ज्यांच्याकडं निवड करायला वेळ आहे त्यांनी बघावं.

आता ऐका. यंदा सात उमेदवार आहेत, म्हणून चिठ्ठ्या हव्या तेवढ्या निघतात. या खेपेला साहेबांचा कुणावरच भरवसा नाही. सगळ्यांना चिठ्ठी, अगदी घरच्यांनाही. त्यांची बायको दीपमाला झेडपी मेंबर आहे, तिलाही. सगळ्या बायकांना चिठ्ठ्या वाटून पाठ करून घ्यायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं आहे. मी गरीब, मी विधवा, मी उपकाराखाली, असं त्यांना वाटतं.

दीपमालाच्या पाकिटात मी माझ्याच चिठ्ठीची नक्कल घालणार. ती बिचारी माझा क्रम लिहून येईल. मी विरोधी उमेदवाराला मत देईन. मोजणीत माझी चिठ्ठी सापडेल आणि साहेबांच्या बायकोची सापडणार नाही. मग बघू, चपलांचा हार घरात कुणाच्या गळ्यात घालतात.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी हसत होते.

रशीदा


वाई, २१ मे

वहिनी,

तुमचं पत्र काल मिळालं. रात्रभर झोप नाही. आज सकाळी स्नान झालं आणि आधी हे लिहायला घेतलं. हे पत्र कुणाला दाखवायचं की नाही, ते तुमच्या मर्जीवर सोडतो.

ते कोष्टक मी केलं होतं.

मागच्या निवडणुकीच्या वेळी मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत कुणी मला रावसाहेब म्हणून हाक मारली नव्हती. जयराजनं गाडी पाठवली, खुर्ची दिली, म्हणाला, "रावसायब, तुमच्याबिगर हे कुनाला जमायचं न्हाई." पैसे घेतले नाहीत. एक रुपयाही नाही. चोवीस त्रिक बहात्तर मीच शोधलं, आणि खरं सांगतो, ते सुचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. तुमच्या हातातली चिठ्ठी मीच पट्टी लावून फाडलेली आहे. मराठी आकडे वाळवा-शिराळ्याकडच्यांना, इंग्रजी मिरजेकडं, असं वाटत गेलो. शेवटी काही नावं उरली, त्यांना रोमन दिले. त्यात लियाकत होता. सात वर्षं त्याच्या माडीवर राहिलो आणि हा माणूस रोमन आकडे लिहू शकेल का, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. कोष्टक पुरं भरलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

मोजणीच्या टेबलाशी प्रतिनिधी म्हणून मीच होतो. एक मतपत्रिका आली. पहिली पसंती साहेबांना, पुढचा क्रम लियाकतच्या चिठ्ठीतला, पण आकडे मराठी. त्यातला चार मी ओळखला. खालची गाठ डावीकडं ओढलेली. तुमच्या दुकानाच्या पाटीवर तो चार मी सात वर्षं रोज सकाळी पाहिला आहे. त्याच क्षणी मला सगळं कळलं. साहेब पडले होते. भरवशाचे म्हणून ज्यांना चिठ्ठ्या दिल्या नव्हत्या त्यांच्यातलेच कुणीतरी फुटले होते, पण कुणाला तरी धरायचं होतं. कोष्टकात चूक झाली, असं सगळ्यांसमोर मला म्हणवलं नाही.

त्यानंतर यादीतून नाव कुणी काढलं, बाहेर जाऊन कुणी ओरडलं, त्या गोंधळात मी नव्हतो. मी नुसता गप्प बसलो. तेवढा माझा अपराध. तो लहान नाही, हे मला कळतं.

आता हात जोडून सांगतो. दीपमालाबाईंनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. जे लियाकतच्या बाबतीत चुकून झालं, ते तुम्ही जाणूनबुजून करू नका. सूड घ्यायचा असेल तर माझ्यावर घ्या.

गंगाधर


खंडाळा, २६ मे

गंगाधरभाऊंना सलाम.

तुमचं उत्तर आलं नाही. आलं असेल तर घरी पडलं असेल. आम्हाला २० तारखेलाच 'सहली'ला आणलं, इथं खंडाळ्याच्या अलीकडं एका रिसॉर्टवर. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतले. साहेबांचा गुंडा नावाचा माणूस दारात खुर्ची टाकून बसतो. पोटात कसंतरी होतंय म्हटलं तर डॉक्टर इथंच बोलावतो. मेंढ्यांनासुद्धा चरायला रानात सोडतात. हे पत्र स्वयंपाकाच्या साळूबाई पोळपाटाखालून नेणार आहेत. त्यांचा नवरा वाईचाच आहे.

काम झालं. आज जेवणं झाल्यावर चिठ्ठ्या वाटल्या. पाकिटांवर नावं होती, आत काय आहे ते उघडून बघायची कुणाला गरज नव्हती. पाठ झाली की चिठ्ठी पाण्याच्या बादलीत बुडवायची, असा साहेबांचा हुकूम, त्यामुळे मागं काहीच राहत नाही. दीपमाला माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि शाळेतल्या पोरीसारखी माझे आकडे घोकत होती. दोनदा चुकली. दोन्ही वेळा मी सुधारून दिलं.

ती बाई वाईट नाही, हे मला कबूल करायला हवं. पहिल्या दिवशी माझ्या नमाजाच्या वेळेला तिनं स्वतः खोलीचा कोपरा झाडून दिला आणि बायकांना गप्प केलं. काल म्हणाली, "वयनी, तुमच्या घरावर बालंट आलं तवा मी आमच्या ह्यास्नी म्हनलं हुतं, त्या माणसाचं तोंड खोटं वाटत न्हाई. माझं कोन ऐकतंय?"

मला तिचा रागच आला. खोटं वाटत नव्हतं तर चौकात येऊन म्हणायचं. घरात म्हटलेलं कुणाच्या उपयोगी पडतं?

परवा मतदान. इथून थेट केंद्रावर गाडी.

रशीदा


वाई, ६ जून

वहिनी,

निकाल वाचला. जयराज शेवटच्या फेरीत एका मतानं पडला. म्हणजे तुमच्याच मतानं. इथं घाटावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांत चार दिवस एकच विषय आहे, की त्याला बायकोनंच पाडलं. यादी तोंडावर फेकून तिला माहेरी कोरेगावला घालवली म्हणे. तिच्या वडिलांनी गाडीतून उतरताना विचारलं, "व्हय गं, खरं हाय का हे?"

माझं २१ तारखेचं पत्र तुम्हाला परतल्यावर मिळालं असेल. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. तुमच्या मनात काय असेल, ते मी जाणतो. मला शिव्या द्या.

पण आता जे झालं ते झालं. सहा महिन्यांत नवरा-बायकोचं मिटेल. तुम्ही बोललात तर तुमचं पद जाईल, तुमच्या वॉर्डाचं नुकसान होईल, नूरीनचं लग्न व्हायचं आहे. मी बोललो तर या वयात अब्रू जाईल आणि निवेदनालाही कुणी विचारणार नाही. आपण दोघांनीही गप्प राहावं, यातच शहाणपण आहे. यापुढं कुणा लियाकतवर असं येऊ नये, एवढं करणं आपल्या हाती आहे.

त्यासाठी निवेदनाची सुवाच्य प्रत सोबत पाठवली आहे. विद्यमान नगरसेविका म्हणून तुमची सही असेल तर वजन येईल. चौथ्या पानावर लियाकतचा प्रसंग घातला आहे. अर्थात नाव न घेता, 'एका गावातील एक नगरसेवक' असं. सही करून परत पाठवावी.

आपला,
गंगाधर


१७ जून

गंगाधरभाऊंना,

तुमची दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत.

२१ मेचं पत्र मला मतदान करून घरी आल्यावर मिळालं. दाराच्या फटीत होतं. वाचलं, आणि पहिल्यांदा हेच मनात आलं की दहा वर्षांपूर्वी एक पोस्टकार्ड टाकलं असतंत तरी पुरलं असतं. मला एक ओळ लिहायची, वहिनी, तो खरं बोलतो आहे. माझा नवरा जेवता जेवता घास खाली ठेवून उठला नसता. साहेबांना काही सांगू नका, जगाला सांगू नका, मला सांगायचं. तेवढ्यानं तुमचं कोष्टक चुकलं, हे कुणाला कळलं असतं?

मग निकाल लागला. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी पेढे खाईन. खाल्ले. खोटं कशाला सांगू, गोड लागले. साहेबांचा चेहरा बघून जे वाटलं ते मला पुन्हा कधी वाटणार नाही. नंतर दीपमाला गाडीत बसताना दिसली. पदर डोक्यावर, कुणाकडं न बघता एकच म्हणत होती, "मी तुमालाच मत दिलं वो." ह्यांचंच वाक्य. शब्दही तेच.

नऊ दिवस मी गप्प बसले. तुमचं 'दोघांनीही गप्प राहावं' आलं त्या दिवशी मला कळलं की मी कुणाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कोरेगाव गाठलं.

तिला सगळं सांगितलं. ह्यांचं, माझं, पाकिटाचं. वाटलं होतं, अंगावर येईल. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तोंडी नगं वयनी. बायकांचं तोंडी कोन ऐकत न्हाई. लिवून द्या. सई करा." मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. ते वाचून तिनं वडिलांच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "माफ करनार न्हाई तुमाला." मी म्हटलं, करू नका.

मग ती आत गेली आणि तोंडावर फेकलेली यादी घेऊन आली. घर सोडताना तिनं ती जमिनीवरून उचलली होती. "न्या," म्हणाली, "तुमाला लागंल." या वर्षीची यादी होती, आणि तिच्या मागं नमुना म्हणून मागच्या निवडणुकीची जुनी यादी टाचलेली. तुमच्या अक्षरातली. बहात्तर नावं. एकाहत्तर नावांपुढं बरोबरची खूण.

आणि एकसष्टाव्या नावावर रेघ. तांबड्या शाईची, पट्टी लावून मारलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जराही न हललेली.

भाऊ, निकालाच्या गोंधळात, लोक ओरडत असताना, टेबलावर पट्टी ठेवून रेघ मारणारा माणूस दोन्ही जिल्ह्यांत एकच आहे. तुमच्या पत्राचा समास मी त्या रेघेशेजारी धरून पाहिला. तुम्ही गप्प नव्हता बसला. ह्यांचा चार ओळखलात, आणि तो ओळखल्यावर नाव खोडलंत. कबुलीच्या पत्रातही तेवढं मात्र समासाबाहेर ठेवलंत.

म्हणून पुढचं नीट वाचा.

माझ्या कबुलीची एक प्रत मी साहेबांना हातोहात दिली. ते वाचून लालबुंद झाले. म्हणाले, "तुला बरबाद करीन." मी म्हटलं, करा की, चौकात उभं राहून सांगा, रशीदानं चिठ्ठी बदलली. मग लोक विचारतील, कसली चिठ्ठी? गुप्त मतदानात तुम्ही कुणाच्या चिठ्ठ्या वाचत होता? त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात घातली. आता ओरडायचं तर कोष्टकाचं नाव घ्यावं लागतं, आणि नाही ओरडलं तर बायकोला घरी आणावं लागतं. परवा कोरेगावला गाडी गेली होती. दीपमाला अजून गेलेली नाही. म्हणते, आधी चौकात येऊन बोला. माझ्यापेक्षा कडक आहे.

तुमचं निवेदन वाचलं. चांगलं लिहिलंय. लिपी एकच असावी, पसंती तीनच असाव्यात, सगळं पटलं. मत उघड नको, हेही पटलं. उघड असतं तर ह्यांची अब्रू वाचली असती, पण माझं मत मला देता आलं नसतं. सही केली आहे.

फक्त तीन कागद मागं जोडले आहेत. एक माझी कबुली. दोन, तुमचं २१ मेचं पत्र, समासासकट. तीन, ती जुनी यादी. माझं पद जाईल तर जाऊ दे. तुमची अब्रू जाईल, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही म्हणाला होता ना, सूड घ्यायचा तर माझ्यावर घ्या. घेतला.

चौथ्या पानावर एक दुरुस्ती केली आहे. ती तुम्हाला इतर कुठून कळण्याआधी मीच सांगते. ह्यांच्या डब्याशेजारी नूरीनची शाळेतली पट्टी होती. ती घेतली, तांबडं पेन घेतलं आणि 'एका गावातील एक नगरसेवक' या शब्दांवर सरळ रेघ मारली. वर मराठीत नाव लिहिलं, लियाकत इमाम बागवान, आणि पुढं लिहिलं की यांचं मत फुटलं नव्हतं.

पाकीट काल रजिस्टरनं थेट समितीला गेलं. पावती खडूच्या डब्यात ठेवली आहे.

रशीदा लियाकत बागवान